कासवाला ऊब द्या, पण विजेला पाण्याची वाट देऊ नका

पाळीव प्राण्यांच्या दुकानात काचेच्या भांड्यात ठेवलेली कासवांची हिरवी पिल्ले आपण सर्वांनीच पाहिली आहेत. डोळ्यामागे लाल पट्टा, अंगावर पिवळ्या रेषा आणि आकार एखाद्या मोठ्या नाण्याएवढा. मुले भांड्यापासून हलत नाहीत, हट्ट धरतात आणि शेवटी कासव घरी येते. दुकानदार एक प्लास्टिकचे भांडे आणि खाद्याची डबी देतो. उबेविषयी मात्र तो सहसा काही बोलत नाही.

पहिली थंडी पडली की कासव खाणे सोडते, डोळे मिटून पडून राहते. मग कोणीतरी सांगते, "त्याला गरमी पाहिजे, बल्ब लावा." घरातला जुना होल्डर, उरलेला वायरचा तुकडा आणि काळी टेप एवढ्या सामानावर टाकीवर बल्ब लोंबकळू लागतो. पाणी, काच, लोखंडी स्टँड, मुलांचे ओले हात आणि २३० व्होल्टची वीज ही सगळी मंडळी अशा रीतीने दहा बाय बाराच्या खोलीतल्या एकाच कोपऱ्यात जमा होतात.

कासव पाळा असे सांगण्यासाठी हा लेख नाही. पण ज्यांच्या घरी ते आधीच आले आहे, त्यांनी त्याला ऊब कशी द्यावी आणि ती देताना घरातल्या माणसाचा जीव कसा सांभाळावा, हे समजून घेतले पाहिजे.

आधी कासव कोणते ते पाहा

लाल पट्ट्याच्या या कासवाला रेड इअर्ड स्लायडर म्हणतात. त्याचे मूळ घर अमेरिकेतील मिसिसिपी नदीचे खोरे आणि त्याला लागून असलेला मेक्सिकोचा उत्तर भाग. आज नाण्याएवढे दिसणारे हे पिल्लू तसेच राहत नाही. त्याची मादी आपल्या पोळपाटाएवढी होते आणि चांगली निगा राखली तर हे कासव वीस-तीस वर्षे जगते. म्हणजे आज हट्ट धरणारे मूल लग्नाचे होईपर्यंत ते घरात असणार, हे घेतानाच लक्षात घ्यावे.

आपल्या देशातली कासवे, मग ते पाठीवर चांदण्या असलेले तारा कासव असो की तळ्यातले मऊ पाठीचे कासव, घरात ठेवणे हा १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार गुन्हा आहे. कासव घरात ठेवले की पैसा येतो, वीस नखांच्या कासवाने गुप्तधन सापडते, अशा भूलथापांवर या मुक्या प्राण्यांचा चोरटा व्यापार चालतो. त्यात पैसा येतो तो विकणाऱ्याच्या घरी. असे कासव कोणाकडे असेल तर महाराष्ट्र वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवावे. कायद्यात २०२२ साली दुरुस्ती झाल्यापासून काही परदेशी प्राण्यांचीही नोंदणी करावी लागते. म्हणून कोणताही परदेशी प्राणी घेताना पावती मागून घ्यावी आणि वनविभागात चौकशी करावी.

ऊब कशाला लागते?

आपले शरीर आतूनच तापते. बाहेर थंडी असो वा ऊन, निरोगी माणसाच्या अंगाची उष्णता ३७ अंश सेल्सिअसच्या आसपासच असते. कासव, सरडा, साप यांचे तसे नसते. बाहेर जेवढी ऊब, तेवढीच त्यांच्या अंगात. पाणी गार झाले की कासवाचे पचन मंदावते, पोटातले अन्न तसेच राहते आणि रोगाशी लढण्याची ताकद कमी होते. सर्दी छातीत उतरली तर ते तोंड उघडून श्वास घेते, नाकाशी बुडबुडे येतात, पोहताना एका बाजूला कलते. अशा वेळी नुसता बल्ब लावून भागत नाही, जनावरांच्या डॉक्टरांकडेच न्यावे लागते.

या कासवाला दोन ठिकाणी दोन प्रकारची ऊब लागते. मोठ्या कासवासाठी पाणी २२ ते २६ अंश असावे. पिल्लासाठी २६ ते २८. शिवाय पाण्याबाहेर चढून बसायला एक कोरडा दगड किंवा फळी हवी आणि त्या जागेवर दिवसा ३० ते ३५ अंश उष्णता हवी. नदीकाठच्या ओंडक्यावर ऊन खायचे आणि तापले की पाण्यात सूर मारायचा, हा त्याचा जन्मजात शिरस्ता. सगळी टाकी सारखीच तापवली तर त्याला निवड राहत नाही. एक बाजू उबदार आणि दुसरी थंड असावी. किती तापायचे ते त्याचे त्याला कळते.

पहिला खर्च थर्मामीटरचा

बल्ब किंवा हीटर आणण्याआधी पाण्यात ठेवायचा साधा थर्मामीटर आणा. तो सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात उपयोगी. आठवडाभर पहाटे आणि दुपारी पाण्याची उष्णता पाहून वहीत लिहा. हे काम मुलांकडे द्या. विज्ञानाचा धडा पुस्तकाबाहेर शिकण्याची ही चांगली संधी आहे.

मुंबई, ठाणे आणि कोकणपट्टीत वर्षातले बहुतेक महिने खोलीतले पाणी मुळातच पुरेसे उबदार असते. तेथे वर्षभर हीटर लावणे म्हणजे विजेचे बिल आणि धोका दोन्ही विकत घेणे. पुणे, नाशिक, नागपूर या भागांत मात्र डिसेंबर-जानेवारीत रात्री पारा १० अंशांच्या आसपास उतरतो आणि तेथे हिवाळ्यापुरती सोय करावी लागते. उलट विदर्भातल्या उन्हाळ्यात खोली इतकी तापते की टाकी सावलीत ठेवून पाणी गार राखणे हेच काम होऊन बसते. हे सर्व अंदाजाने नाही, थर्मामीटर पाहून ठरवायचे.

उन्हाचे काम उन्हाला करू द्या

ऊन फुकट आहे आणि त्याला वायर लागत नाही. शिवाय बल्ब देऊ शकत नाही असे एक काम ऊन करते. उन्हातल्या अतिनील किरणांमुळे कासवाच्या अंगात ड जीवनसत्त्व तयार होते आणि त्यामुळेच त्याची पाठ टणक राहते. हे किरण मिळाले नाहीत तर पाठ मऊ पडते, वेडीवाकडी वाढते. खिडकीच्या काचेतून आलेल्या उन्हाचा यासाठी उपयोग होत नाही, कारण ते किरण काच अडवते.

आठवड्यातून तीन-चार वेळा सकाळचे ऊन अर्धा तास द्यावे. पसरट टब घ्यावा, त्यात थोडे पाणी आणि एक दगड ठेवावा, अर्ध्या टबावर फळी ठेवून सावली करावी. कावळा, घार, मांजर यांची भीती असते, म्हणून जवळ माणूस हवाच. काचेची टाकीच उचलून उन्हात ठेवण्याची चूक कोणी करू नये. काचेत उष्णता कोंडते आणि थोड्याच वेळात कासव शिजून मरते.

कोणते साधन घ्यावे, कोणते टाळावे

*तारेचा पिवळा बल्ब.* दगडावर ऊब द्यायला हाच सोपा उपाय. अशा बल्बला दिलेल्या विजेचा बहुतेक भाग उष्णतेतच जातो, म्हणून दिव्यासाठी तो तोट्याचा आणि उबेसाठी कामाचा. एलईडी बल्ब येथे उपयोगी नाही. ४० किंवा ६० वॅटचा बल्ब बहुधा पुरतो. दगडापासून एक फूट उंचीवर लावून सुरुवात करा, दगडावर थर्मामीटर ठेवा आणि उष्णता ३० ते ३५ अंश येईपर्यंत उंची कमी-जास्त करा. रात्री बल्ब बंद ठेवावा. कासवालाही अंधार आणि झोप लागते.

*सिरॅमिक हीटर.* हा बल्बसारखाच होल्डरमध्ये बसतो, पण उजेड देत नाही. त्याचा पृष्ठभाग २०० अंशांच्याही वर तापतो आणि चालू आहे की बंद, हे नुसते पाहून कळत नाही. लहान मुलांच्या घरात हा टाळलेला बरा. वापरायचाच असेल तर चिनी मातीचा होल्डर आणि भोवती तारेची जाळी लागतेच. प्लास्टिकचा किंवा बेकेलाइटचा होल्डर या उष्णतेत टिकत नाही.

*पाण्यातला काचेचा हीटर.* थंड गावात पाण्यासाठी हाच घ्यावा, आणि तो आपोआप बंद-चालू होणारा, म्हणजे थर्मोस्टॅट असलेला असावा. सर्वसाधारण हिशेब एका लिटरला एक वॅट. ५० लिटरच्या टाकीला ५० वॅट. मुद्दाम मोठा हीटर आणू नये. थर्मोस्टॅट कधीतरी चिकटून बसतो आणि हीटर बंदच होत नाही. तेव्हा लहान हीटर पाणी हळूहळू तापवतो आणि आपल्या लक्षात यायला वेळ मिळतो. मोठा हीटर तो वेळ देत नाही. मोठे कासव काचेच्या नळीला धडका देऊन ती फोडते, म्हणून हीटरवर छिद्रांचे प्लास्टिकचे आवरण बसवावे.

*गरम होणारे दगड आणि गाद्या.* विजेवर तापणारे नकली दगड दुकानात मिळतात. सरपटणाऱ्या प्राण्यांना ऊब वरून, सूर्याकडून घ्यायची सवय. पोटाखालचा चटका त्यांना वेळेवर कळत नाही आणि ते भाजून निघतात. टाकीखाली घालायच्या गाद्या पाण्याने भरलेल्या टाकीसाठी नाहीत.

*पाणी तापवायची रॉड.* आपल्या घरोघरी आंघोळीच्या बादलीत घालतो ती रॉड १००० ते १५०० वॅटची असते. कासवाच्या टाकीत ती पाच मिनिटेसुद्धा घालू नये. पाणी उकळीकडे जाते, काच तडकते आणि पाण्यात वीज उतरण्याचा धोका तर आहेच. कॉइलची शेगडी टाकीखाली ठेवणे हाही तसाच जीवघेणा प्रकार.

खर्चाचा हिशेबही पाहू. ६० वॅटचा बल्ब दिवसाचे आठ तास म्हणजे अर्ध्या युनिटला थोडे कमी. ५० वॅटचा हीटर चोवीस तासांत मिळून बारा तास चालला तर ०.६ युनिट. दोन्ही मिळून थंडीत रोज साधारण एक युनिट.

एमसीबी आहे, मग भीती कशाची?

पुष्कळांचा असा समज असतो की घरात एमसीबी बसवला आहे, म्हणजे झटका बसला की वीज आपोआप जाईल. हा समज घातक आहे. एमसीबी किंवा फ्यूज वायरला जळण्यापासून वाचवतो, माणसाला वाचवण्यासाठी तो नसतो. सुमारे ०.०३ अँपिअर इतकी वीज छातीतून गेली तरी जीव धोक्यात येतो. दिव्यांच्या लाइनवरचा एमसीबी ६ अँपिअरचा, म्हणजे त्याच्या २०० पट. माणूस चिकटून राहील, पण त्याच्या दृष्टीने काहीच बिघडलेले नसेल.

माणसाला वाचवणारे उपकरण वेगळे. त्याचे नाव आरसीसीबी. जुने वायरमन त्याला ईएलसीबी म्हणतात. फेजमधून जितकी वीज गेली तितकीच न्यूट्रलमधून परत आली की नाही, हे ते सतत मोजते. मधल्या मध्ये थोडीशी जरी वीज कोणाच्या अंगातून किंवा पाण्यातून जमिनीकडे वळली, तरी ते क्षणात लाइन तोडते. घरासाठी ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी घ्यावा. १०० किंवा ३०० चा माणसाच्या रक्षणासाठी उपयोगाचा नाही. त्यावरचे टी अक्षराचे बटन महिन्यातून एकदा दाबावे. खटका पडला पाहिजे. पडला नाही तर उपकरण बदलावे.

आपल्या कित्येक चाळींत आणि वस्त्यांत अर्थिंग असते ते नावालाच. अशा घरातही आरसीसीबी काम करतो, फरक इतकाच की अर्थिंग असेल तर बिघाड होताच लाइन तुटते आणि नसेल तर कोणाचा तरी हात लागल्यावर तुटते. म्हणून दोन्ही हवीत. अर्थिंग नाही म्हणून न्यूट्रललाच अर्थच्या पिनेत जोडून देण्याचे उद्योग कोणालाही करू देऊ नका. न्यूट्रल तुटला की उपकरणाच्या सगळ्या धातूच्या अंगात वीज उतरते. आणखी एक ध्यानात ठेवा. एक हात फेजला आणि दुसरा न्यूट्रलला लागला तर आरसीसीबीलाही ते ओळखता येत नाही. म्हणून उघडी वायर ही कधीच चालणार नाही.

आरसीसीबी बसवल्यावर तो वारंवार पडू लागला तर काही वायरमन "खराब आहे" म्हणून तो काढून लाइन सरळ जोडून देतात. बहुतेक वेळा दोष असतो तो ओल आलेल्या भिंतीतल्या वायरीत किंवा दोन लाइनींचे न्यूट्रल एकमेकांत मिसळल्यात. तो दोष शोधून काढायला सांगा. आयटीआय झालेला, परवाना असलेला वायरमन आपल्याच वस्तीत असतो. त्याला कामाचे पैसे द्या आणि काम पूर्ण करून घ्या.

जोडणी करताना हे पाहा

१. सॉकेट टाकीच्या वर किंवा पाठीमागे खाली नको. ते बाजूला आणि पाण्याच्या पातळीपेक्षा उंच असावे. वायर सॉकेटपर्यंत जाण्याआधी तिला खाली झोळ द्यावा. वायरीवरून ओघळणारे पाणी झोळाच्या तळाशी ठिबकून पडते, सॉकेटात शिरत नाही.

२. टाकीची प्लग-पिन जमिनीवर पडलेल्या एक्स्टेन्शन बोर्डात लावू नका. मोरीचे पाणी, पोछा, पावसाळ्यातली गळती या सगळ्यांचा तोच मार्ग.

३. वायर अखंड असावी. टेप गुंडाळलेला जोड दमट हवेत टिकत नाही. लांबी कमी पडत असेल तर पूर्ण वायर बदला. आयएसआय खुणेची, तीन तारांची वायर घ्या.

४. होल्डर चिनी मातीचा घ्या आणि स्विच फेजवरच असू द्या. आट्यांचा होल्डर असेल तर फेज मधल्या टोकाला आणि न्यूट्रल आट्यांना जोडलेला आहे, याची वायरमनकडून खात्री करून घ्या. उलटे झाले तर बल्ब बदलताना बोटे थेट फेजला लागतात.

५. बल्ब नुसत्या चिमट्यावर विसंबून लावू नका. चिमटा सैल होतो, मांजर उडी मारते, मूल वायर ओढते आणि तापलेला बल्ब गादीवर किंवा पाण्यात पडतो. चिमट्याशिवाय एक साखळी किंवा जाड तार भिंतीतल्या खिळ्याला बांधावी. एक आधार सुटला तरी दुसरा धरून ठेवतो. पडदे, वाळत घातलेले कपडे, गॅसचा सिलिंडर यांपासून बल्ब दूर असावा.

६. बल्बभोवती तारेची जाळी हवी. कासवाने सूर मारला की पाणी उडते आणि तापलेल्या काचेवर थेंब पडला की बल्ब फुटतो.

७. वेगळा थर्मोस्टॅट लावला असेल तर त्याची पाण्यातली तार घट्ट बांधा. ती निसटून बाहेर आली तर यंत्र हवेची उष्णता मोजत बसते आणि हीटर बंदच करत नाही.

पाणी बदलताना

हात पाण्यात घालण्याआधी पिन सॉकेटातून बाहेर काढायची. नुसते बटन बंद करणे पुरेसे नाही. बटन चुकून न्यूट्रलवर असेल तर ते बंद असतानाही हीटरपर्यंत वीज पोहोचलेलीच असते. पिन काढल्यावर हीटर १५-२० मिनिटे पाण्यातच गार होऊ द्यावा. गरम नळी हवेत आली की तडकते. नवे पाणी भरून हीटरवरच्या रेषेपर्यंत पातळी आली की हात पुसून, कोरड्या पायताणावर उभे राहून पिन लावावी. हे काम मोठ्या माणसाचे आहे, मुलांना एकटे करू देऊ नये.

वीज गेली म्हणून टाकीवर गोधडी टाकायची असेल तर आधी बल्बची पिन काढा. मध्यरात्री वीज परत येते, घर झोपेत असते आणि गोधडीखाली बल्ब पेटतो. घराला आग लागायला एवढे पुरे आहे.

कासवाला किंवा त्याच्या पाण्याला हात लावल्यावर साबणाने हात धुवावेत. त्यांच्या अंगावर साल्मोनेला नावाचे रोगजंतू असू शकतात. लहान मुलांना त्यापासून आजार होतात म्हणून अमेरिकेने १९७५ साली चार इंचांपेक्षा लहान कासवे पाळण्यासाठी विकण्यावर बंदी घातली. पाच वर्षांखालच्या मुलांच्या हातात कासव देऊ नये आणि टाकीचे पाणी स्वयंपाकाच्या ओट्यावर ओतू नये.

झटका बसलाच तर

पाण्यात हात घातल्यावर मुंग्या आल्या तर पुन्हा हात घालून खात्री करू नका. मेन स्विच बंद करा आणि वायरमनला बोलवा. कोणी चिकटला असेल तर त्याला हाताने ओढायला धावू नका, दुसरा जीव जातो. आधी मेन बंद करा. ते शक्य नसेल तर कोरड्या लाकडावर उभे राहून कोरड्या काठीने त्याला दूर करा. मग १०८ ला फोन करा. श्वास थांबला असेल तर रुग्णवाहिका येईपर्यंत छातीच्या मध्यभागी दोन्ही हातांनी जोरात आणि भरभर दाबत राहा. माणूस उठून बसला तरी त्याला दवाखान्यात न्यावे.

कासव सांभाळणे जमत नसेल तर ते तळ्यात, नदीत सोडू नका. जगातल्या सर्वांत उपद्रवी परक्या जीवांच्या शंभरच्या यादीत याचे नाव आहे. आपल्या तळ्यातल्या देशी कासवांचे अन्न आणि जागा ते बळकावते. पाळणारे दुसरे घर शोधा किंवा प्राणी संस्थेला विचारा.

आरसीसीबी रात्रीतून पडला आणि हीटर बंद झाला तर मोठे निरोगी कासव एका गार रात्रीने मरत नाही. सकाळी थोडे सुस्त दिसेल, ऊन मिळाले की हालचाल करू लागेल. अंगातून वीज गेलेल्या माणसाबद्दल असे सांगता येत नाही. म्हणून पैसे कमी असतील तर खरेदीचा क्रम असा ठेवावा: आधी थर्मामीटर, मग आरसीसीबी, त्यानंतर चांगली वायर आणि होल्डर, आणि थर्मामीटरने गरज दाखवली तरच सर्वांत शेवटी हीटर. यातला आरसीसीबी तर कासव नसलेल्या घरातही हवाच. तो त्याच बोर्डावरच्या फ्रिजपासून, इस्त्रीपासून आणि आंघोळीच्या रॉडपासूनही आपल्या मुलांना वाचवील.